तोंड झाकून आत येऊ नये

मस्तगड, जालना
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय कडू,

संतोषचा जय जिनेंद्र. तुझे कान कसे आहेत? भोकरदनहून आणलेलं मशीन तू डब्यात घालून ठेवलंस, त्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त वाजतात, हे वाचून मी एकटीच हसत बसले. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, मोबाइलची बारीक अक्षरं आपल्या दोघींना दिसत न्हाईत, म्हणून शहागडच्या शाळेतल्या दोन पोरी साठीला आल्यावर एकमेकींना पत्रं लिहून राह्यल्या. पोस्टमन जिना चढून आला की पुतण्याची बायको कनिका म्हणते, काकीजी, तुमची नोटीस आली.

आज मात्र हसायला मन न्हाई. दिवाळीनंतर आमच्या साड्यांच्या दुकानाच्या दारावर एक पाटी लागली आहे: ‘तोंड झाकून आत येऊ नये.’ दसऱ्याच्या गर्दीत शेजारच्या दुकानातून दोन बायांनी पाच भारी साड्या नेल्या. दोघींनी डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेले. कॅमेऱ्यात दिसलं काय, तर चार डोळे. तेव्हापासून बाजारात दुसरा विषय न्हाई. माझा पुतण्या अक्षत महापालिकेला उभं राहायचं म्हणतो, त्यानं हाच मुद्दा धरला. दुकानात, ऑफिसात, बसस्टँडवर, सगळीकडं चेहरा उघडा पाहिजे, त्याचा कायदाच पाहिजे. टीव्हीवर परदेशातली तसली बातमी लागली की आवाज मोठा करतो अन् म्हणतो, बघा, तिकडं झालं. जानेवारीत व्यापारी संघटनेची सभा आहे, तिथं सगळ्या बाजारासाठी ठराव येणार. संघटनेचे अध्यक्ष माझे जेठजी, म्हणजे थोरले दीर, सुरजमलजी. अक्षतचे वडील. त्यांनी हात वर केला की बाजार हात वर करतो.

परवा शकीलाबी आल्ती. आमच्या साड्यांना फॉल-पिको करून देते, तीस वर्षं झाली. अंगावर बुरखा, तोंडावर नकाब, काखेत गठडी. दारावर नवा रखवालदार आहे, सुग्रीव, अंबडकडचा. त्यानं पाटीकडं बोट दाखवलं. मी वरच्या खिडकीतून बघून राह्यल्ते. ती भांडली न्हाई. गठडी त्याच्या हातात दिली अन् गेली. आत अक्षत बसल्ता, त्यानं मान वर केली न्हाई.

आता गंमत बघ. खाली दुकानावर ही पाटी, अन् वर घरात मी अडतीस वर्षं जेठजींसमोर घुंगट घेऊन वावरते. आमच्यात जेठासमोर तोंड उघडं ठेवायचं न्हाई, अन् त्यांच्याशी बोलायचंही न्हाई. जेवण वाढताना हात तेवढा पुढं. काही सांगायचं असलं तर मी कनिकाला सांगते, कनिका त्यांना सांगते, अन् ते बसलेले असतात चार हातांवर. कनिका स्वतः घुंगट घेत न्हाई. सुनेला जबरदस्ती नको, हे जेठजींनीच लग्नाआधी सांगितलं. माझं मात्र कुणी काढलं न्हाई, मीही काढलं न्हाई.

शकीलाबीचं काम जाऊ नये, एवढंच मला पाहिजे. पण बोलू कुणाशी? अन् हे गेल्यावर ज्या माणसानं मला एक दिवस परकं वाटू दिलं न्हाई, माझ्या चंचलचं शिक्षण, लग्न पोटच्या पोरीसारखं केलं, त्यांच्या विरोधात बोलू तरी कशी? तुझं डोकं चालतं. सांग काहीतरी.

तुझी
संतोष



पिंपळगाव रेणुकाई
१९ नोव्हेंबर

संतोष,

कडूचा रामराम. मी तुला गोड गोड लिहिणार न्हाई. ती पाटी बराबर आहे.

तुझे कान धडधाकट आहेत म्हणून तुला कळत न्हाई. मला आता माणूस ऐकू येत न्हाई, दिसतो. ओठ हलताना बघते तेव्हा शब्द लागतो. अंगणवाडीत तीस वर्षं बोबड्या पोरांच्या तोंडाकडं बघून त्यांचं बोलणं लावलं, ती विद्या म्हातारपणी कामाला आली. पण लोक तोंड दाखवतील तर ना. बँकेतली बाई मास्क लावून बसते. माझी नात मोनिका कॉलेजातून स्कूटीवर येते अन् स्कार्फ न सोडताच मला काहीतरी विचारते, मी आपली नुसती बघत राहते. गेल्या साली डॉक्टर मास्क लावून बोलला. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा लाज वाटली, मान हलवून आले. जेवणाआधीची गोळी दोन महिने जेवणानंतर घेतली. एक दिवस चक्कर येऊन हौदावर पडले, कपाळाला चार टाके. मंग मी काहून म्हणू की खुशाल झाका?

अन् तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला त्यातलं खरं दुखणं कळलं. शकीलाबी निमित्त आहे. तुलाच तुझा घुंगट नकोसा झालाय, पण तोंडानं म्हणायची हिंमत न्हाई. शाळेत तू अशीच होतीस. तहान तुला लागायची अन् बाईंना सांगायचीस, कडूला पाणी पाहिजे. आता तुझ्या पुतण्यानं आयती संधी दिली आहे. पाटी दाखव अन् फेकून दे तो पदर. थोरले दीर काय खातात का?

इकडं कापसाची वेचणी चालू आहे. पोरगा कारभारी सकाळीच रानात जातो. सून बरी आहे. तिखट संपलं असेल तर कळव.

कडू



मस्तगड, जालना
३० नोव्हेंबर

कडूबाई,

एवढ्या वर्षांत तुला बाई लावून मी पहिल्यांदा लिहून राह्यले, यावरून समजून घे.

तू पडलीस हे मला काहून कळवलं न्हाईस? टाके पडले, दोन महिने चुकीची गोळी घेतली, अन् त्या काळातल्या तुझ्या पत्रांत मला काय, तर कैरीचं लोणचं. तुझ्या बोलण्यात तथ्य आहे, ते मी मानते. तुझ्यासमोर कुणी तोंड झाकून बोलू नये. पण बाकी पत्र तू बिलकुल उलटं वाचलंस. माझा घुंगट मला जड झाला न्हाई. झाला असता तर तुला सरळ लिहिलं असतं. तहानेचं म्हणशील तर त्या बाई मला मारायच्या, तुला न्हाई मारायच्या, म्हणून तुझं नाव सांगायचे.

खरं दुखणं वेगळं आहे. ते मी कुणालाच सांगितलं न्हाई.

एकवीस साली कोरोनात आम्ही तिघंही तापानं पडलो. हे, मी अन् जेठजी. जेठाणी तर आधीच गेल्या होत्या. अक्षत-कनिका इंदूरला अडकलेले, चंचल पुण्यात. ह्यांना दवाखान्यात हलवलं, घरात मी अन् जेठजी उरलो, दोघं दोन खोल्यांत. गल्लीतलं कुणी जिन्याकडं बघत नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी खालच्या पायरीवर दुधाची पिशवी अन् चार मोसंब्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेले तर बुरख्यातली शकीलाबी पायरीवर वाकलेली दिसली. दूध, मोसंबी, कधी लिंबं. शिजवलेलं एकदाही न्हाई. तिच्या हातचं शिजवलेलं आमच्या घरात चालायचं न्हाई हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं कच्चंच आणलं. सतरा दिवस, कडू. त्यातल्या अकराव्या दिवशी हे गेले. त्या दिवशीही पायरीवर दूध होतं.

जेठजींना वाटलं, संघटनेची पोरं ठेवून राह्यली. बरे झाल्यावर त्यांनी सभा घेतली, तीन पोरांना शाल-नारळ दिला. पोरंही हो म्हणाली, त्यांनी बऱ्याच घरी पोचवलं होतं, त्यांना कुठं सगळं आठवतं. मी तेव्हा दुखवट्यात कोपऱ्यात बसलेली. सांगू सांगू म्हणत राहिले, अन् एकदा सत्कार होऊन गेल्यावर मंग जेठजींना चारचौघांत खोटं कसं पाडू? शकीलाबीनंही कधी विषय काढला न्हाई. मी एकदा तिचा हात धरून रडले तर म्हणाली, भाभी, फॉलचा धागा दो, मॅचिंग नहीं है.

त्या बाईला आता आमच्याच पायरीवरून परत पाठवलं. हे दुखणं आहे.

संतोष



पिंपळगाव रेणुकाई
११ डिसेंबर

संतोष,

मी चुकले. दोनदा वाचून मी मला पाहिजे तेच वाचलं. तुझं पत्र वाचून चुलीपाशी बसून रडले. सून विचारून राह्यली काय झालं, तिला काय सांगू?

आता माझं ऐक. काल मी रानात गेल्ते. वेचणीला सोळा बाया. सगळ्यांची तोंडं रुमालानं बांधलेली, ऊन अन् कापसाची कुसं. मी बांधावर बसून बघत होते. मालनबाई मला काहीतरी सांगायला आली. मी कानाला हात लावला. तिनं रुमाल खाली ओढला, जे सांगायचं ते सावकाश सांगितलं, पुन्हा बांधला अन् कामाला लागली. मंग दुसरी आली. तिनंही तसंच. तिला कुणी सांगितलं न्हाई, कानाला हातसुद्धा लावावा लागला न्हाई. मला लई बरं वाटलं गं. घरी आल्यावर मोनिकाला बोलले, तर ती म्हणाली, आजी, तू एकदा सांगायचं ना, मला वाटलं तू माझ्यावर रागावली आहेस म्हणून बोलत न्हाईस. दोन वर्षं पोरगी असं समजून राह्यली, अन् मी घरात कायदा मागून राह्यले. आता ती दारातच स्कार्फ सोडते.

तर माझं म्हणणं असं. मला तोंड दिसलं पाहिजे, हे खरंच आहे. पण मालनबाईला दम देऊन रुमाल काढायला लावला असता, तर ती मला ते सांगायला आलीच नसती.

तुझ्या पुतण्याला हे कळायचं न्हाई, त्याला निवडणूक आहे. तुझ्या दिरांना कळेल. पण तू वरच्या खिडकीतून काय बघत बसतेस? खाली उतर. ज्या दारातून शकीलाबीला परत पाठवलं, त्या दारातून तू जा. घुंगट घेऊनच जा. बघू तुला अडवतात का. अडवलं तर सगळ्या बाजाराला दिसू दे की सुरजमलजींच्या घरची बाई त्यांच्याच दुकानात जाऊ शकत न्हाई.

तब्येतीला जप.

कडू



मस्तगड, जालना
२४ डिसेंबर

कडू,

बसून वाच. हातात चहा असेल तर खाली ठेव.

मी गेले. मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मागच्या जिन्यानं उतरले, गल्लीला वळसा घातला अन् गिऱ्हाइकासारखी समोरून आले. घुंगट हनुवटीपर्यंत. सुग्रीवनं घरातल्या बायांना कधी पाहिलेलं न्हाई. त्यानं हात आडवा केला. बाई, तोंड दाखवल्याशिवाय आत जाता येत न्हाई. अगदी अदबीनं म्हणाला, त्याचा काय दोष? माझा विचार असा की आता अक्षत धावत येईल, त्याची फजिती होईल, मी वर निघून जाईन. पण अक्षत वॉर्डात फिरायला गेल्ता. गादीवर एकटे जेठजी. त्यांचं इकडं लक्षच न्हाई.

परत फिरायला लागले अन् पाय थांबले. फिरले असते तर शकीलाबीसारखीच गेले असते, अन् काय बदललं असतं? काय अंगात आलं मला ठाऊक न्हाई. मी घुंगट वर केला. भर दुपारी, मस्तगडच्या रस्त्यावर, जेठजी बारा हातांवर. सुग्रीव म्हणाला, हां, जावा आता.

मी आत गेले. जेठजींनी मान वर केली, हात जोडले अन् म्हणाले, "या बाई, बसा. काय दाखवू?"

कडू, त्यांनी मला ओळखलं न्हाई.

ओळखणार कसे? लग्नाच्या फोटोतसुद्धा मी घुंगटात आहे. कधी ओझरती दिसले असेन तर त्यांनी नजर खाली घातली असेल, तो त्यांचा चांगुलपणा. मी बसले. सांगावं की मी संतोष, तर तोंडातून आवाज फुटेना. तोंड उघडं पडलं म्हणून काय जीभ सुटते? त्यांना वाटलं खेड्यातली बाई आहे, बुजली आहे. लई मायेनं बोलायला लागले. घरात कार्य आहे का? मी घाबरून मान हलवली. मुलीचं का मुलाचं? मी पुन्हा मान हलवली. झालं. लग्नाच्या साड्या निघाल्या. हिरवी, जांभळी, डाळिंबी. एकेक उलगडून पदर दाखवून राह्यले, रंग जाणार न्हाई म्हणतात, वरमाईला ही शोभेल म्हणतात, अन् मी आपली मान हलवते. अकरा साड्यांचा ढीग झाला माझ्यापुढं. ज्या माणसानं अडतीस वर्षांत मला एक शब्द विचारला न्हाई, ते मला विचारतात, बाई, तुमच्याकडं फिक्कट रंग चालतो ना?

मंग चहा आला. मी कप घ्यायला हात पुढं केला. माझ्या उजव्या मनगटावर पापड भाजताना पडलेला लांब डाग आहे. जेठजींच्या हातात साडीचा पदर होता. ते बोलता बोलता थांबले. त्या डागाकडं बघत राहिले. रोज दोन वेळा तोच हात त्यांना पोळी वाढतो. त्यांनी साडी हळूहळू घडी केली, बाजूला ठेवली, उठून उभे राहिले अन् भिंतीकडं तोंड केलं.

मी पदर ओढला अन् जिन्याकडं पळाले. वर येऊन आधी हसले, मंग रडले. ज्या घरात माझा हात ओळखतात त्या घरात माझा चेहरा परका. पण तुझ्यापाशी खोटं काहून लिहू, हात ओळखला याचंही बरं वाटलं.

तेव्हापासून ते वर जेवायला आले न्हाईत. कनिका खाली डबा नेते. त्यांना राग आला का लाज वाटली, काही कळत न्हाई. सभा चार तारखेला आहे. मी केलं ते चूक का बरोबर, तूच सांग.

तुझी
संतोष



पिंपळगाव रेणुकाई
२९ डिसेंबर

संतोष,

अकरा साड्यांपर्यंत मी इतकी हसले की शेजारची बाई बघायला आली. मंग पुढचं वाचलं अन् तिच्यासमोरच डोळे पुसावे लागले. तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

हे पत्र कारभारीच्या हाती पाठवून राह्यले, पोस्टात टाकलं तर सभा होऊन जाईल. तो मोंढ्यात कापूस घालून तुझ्या दारी येईल. त्याला उपाशी पाठवू नको.

चूक काही न्हाई. पण अर्धंच काम केलंस. तू तिथं साडी घ्यायला गेल्ती का? जे सांगायला गेलीस ते तुझ्या पोटातच राहिलं. तुझ्या दिरांना वाटत असेल, हिनं माझी परीक्षा घेतली. बिचारे खाली बसून डबा खाऊन राह्यले. आता त्यांना खरं कारण सांग. घुंगट ठेव न्हाईतर काढ, त्यात मी पडत न्हाई. पण बोल. माझ्या कानांची शपथ न्हाई घालत, ते आधीच गेले आहेत.

तुझी
कडू



मस्तगड, जालना
१५ जानेवारी २०२६

प्रिय कडू,

तिळगूळ पत्रासोबत आहे. वाटेत चुरा झाला तर चमच्यानं खा.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी जेठजी वर जेवायला आले. पाटावर बसले. मी वाढायला लागले तर कनिकाला म्हणाले, काकीजींना विचार, त्या दिवशी दुकानात काय काम होतं. कनिका माझ्याकडं वळली. मी म्हणलं, कनिका, तू थांब. घुंगट होता तसाच ठेवला. पोळीचं भांडं खाली ठेवलं अन् बोलले.

"शकीलाबीला दारातून परत पाठवू नका. एकवीस साली पायरीवर सतरा दिवस दूध अन् मोसंबी तिनं ठेवली. संघटनेच्या पोरांनी न्हाई. मी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं."

माझाच आवाज मला ओळखू आला न्हाई. जेठजींचा घास हातात राहिला. ताटात काही टाकायचं न्हाई हा त्यांचा नेम, म्हणून सगळं खाल्लं, ताट पाण्यानं धुऊन ते पाणी प्यायले, नेहमीसारखं. मंग सवयीनं कनिकालाच म्हणाले, यांना सांग, मला चार वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. कनिका म्हणाली, बाबूजी, त्या समोरच आहेत. तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या घुंगटाकडं, अन् विचारलं, "काहून न्हाई सांगितलं?" मी म्हणलं, "कसं सांगणार होते?" ते उठून खाली गेले. त्यांना उत्तर मिळालं होतं.

सकाळी त्यांनी स्टूल घेऊन स्वतः पाटी उतरवली. अक्षत लई बोलला. चोरी झाली तर कोण जबाबदार, लोक काय म्हणतील, मी उभा राहू कसा. जेठजींनी ऐकून घेतलं. चोरीचं त्याचं म्हणणं खोटं न्हाई, ते मलाही पटतं. म्हणून असं ठरलं की गल्ल्यापाशी कनिका बसेल, अन् कुणाचा चेहरा बघायची खरंच गरज पडली तर आतल्या खोलीत बाईमाणूस बघेल. ते बाईमाणूस म्हणजे मी. अकरा ते चार मी खाली असते.

सभेत जेठजी काय बोलले ते कनिकानं मला सांगितलं. ते म्हणाले, मी चोर ओळखायला निघालो होतो, अन् माझ्याच घरातली बाई तोंड उघडं करून समोर बसली तर तिला मी वरमाईच्या साड्या दाखवल्या. अर्धी सभा हसली. मंग त्यांनी दुधाचं सांगितलं, अन् ज्या पोरांना शाल दिली त्यांच्याकडं बघून म्हणाले, तुमचा दोष न्हाई, मी विचारलंच न्हाई. ठराव झाला न्हाई. ज्याला पाटी लावायची त्यानं आपल्या दुकानावर लावावी, असं ठरलं. नऊ दुकानांवर लागली आहे. अक्षतचं तिकीट दुसऱ्याला गेलं, ते यामुळं का आधीच गेल्तं, कुणास ठाऊक. तो माझ्याशी अजून तुटक बोलतो. बोलेल हळूहळू, लेकरू वाईट न्हाई.

एवढं होऊनही शकीलाबी आली न्हाई. कनिकानं दोनदा फोन केला. ती म्हणाली, दुसरीकडं काम धरलं. मला वाटलं संपलं सगळं. आभार मानायचे राहिले ते राहिलेच, वर तिचं मनही मोडलं.

रविवारी सकाळी जेठजींनी मला सरळ हाक दिली. म्हणाले, तुम्ही सोबत चला, एकट्या बाईच्या दारात मी एकटा कसा उभा राहू. आम्ही चालत गेलो, ते पुढं अन् मी चार पावलं मागं. तिनं दार उघडलं ते नकाब लावूनच, पुरुषमाणूस बाहेर दिसला म्हणून. आत या म्हणाली. जेठजी उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी हात जोडले अन् सगळं सांगितलं. चार वर्षं मी दुसऱ्यांचे उपकार मानले, खाल्लं तुमच्या हातचं. तुम्हांला माझ्या दारातून परत जावं लागलं. कामाला या न्हाईतर नका येऊ, पण मला माफ करा.

शकीलाबीनं हातानंच त्यांना थांबवलं. मंग म्हणाली, "भाईसाब, मेरा आदमी गुजरा तब गोद में बच्ची लेके मैं दुकान दुकान फिरी. सब बोले, पैले मुँह दिखाओ, पैचान लाओ. आपने कुछ नहीं पूछा. सिरफ गठडी हाथ में दी. वो दूध उसीका था."

कडू, जेठजींना ते आठवतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी तेव्हा वर घरात, दुकानात कधी उतरले न्हाई, मला तरी काय ठाऊक? एका सकाळी कुणाला तरी गठडी दिली, अन् विसरून गेले. तिनं मात्र तीस वर्षं सांभाळलं.

ती उद्यापासून येते म्हणाली, अन् सोमवारी बरोबर अकरा वाजता आली. फॉलचे धागे पुन्हा मॅचिंग न्हाईत म्हणून मला बोलली. मला इतकं गोड वाटलं ते बोलणं. तुझे आभार मी कशानं मानू? तू उलटं वाचलंस म्हणून मी खरं लिहिलं, अन् तू ढकललंस म्हणून बोलले. चैत्रात मी पिंपळगावला येते, रेणुकाईचं दर्शन घेऊ. तुझ्याशी बोलताना माझं तोंड उघडं असेल, अन् सावकाश बोलेन.

तेवढा एक क्षण मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत न्हाई. शकीलाबीचं बोलून झालं तेव्हाचा. तिच्या तोंडावर नकाब, माझ्या तोंडावर घुंगट. आमच्या दोघींचं रडणं आतल्या आत राहिलं. अन् भर गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर, उघड्या तोंडानं एकटे जेठजी रडून राह्यले होते.

तुझीच
संतोष